बुडाचा पेच

कोकणातल्या आजोळी ओटीवर एक ठासणीची बंदूक टांगलेली असायची. कधीकाळी शेतात शिरणारी डुकरं हाकलायला वापरलेली, माझ्या लहानपणी नुसतीच कोळिष्टकं मिरवणारी. आजोबा नळीच्या बुडावर नख वाजवून म्हणत, "सगळी अक्कल हितं." मला ते कळायला चाळीस वर्षं आणि बरीच पुस्तकं लागली.

नळी म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेली लोखंडी पुंगळी. मागचं तोंड ठोकून कायमचं बुजवलं, तर दारूची काजळी नीट निघत नाही. नुसती खुंटी मारली, तर बाराबरोबर तीच नेम धरणाऱ्याच्या कपाळात. आट्यांचा पेच मात्र घट्ट बसतो आणि हवा तेव्हा निघतो.

पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने १५१० मध्ये आदिलशाहीकडून गोवा घेतलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला झपाटलं ते त्याने १५१३ च्या डिसेंबरात पोर्तुगालचा राजा मानुएलला धाडलेल्या पत्राने. त्यात तो कळवतो, की गोव्याचा एक उस्ताद बंदूक-कारागीर पाठवतो आहे. इथले लोक युरोपातल्या बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका घडवतात, आणि त्यांच्या बुडाला पेचही असतो. जिंकून तीन वर्षं होतात न होतात तोच जेता हरलेल्यांचा कारागीर मायदेशी धाडतो! बंदुकांचे नमुने कोणाबरोबर पाठवले, त्या पेरो मास्कारेन्यशचं नाव तो देतो. उस्तादाचं नाही.

बुडाचा हाच पेच पुढे भेटतो तो जपानात. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर एक चिनी जहाज लागलं. गावच्या मुखियाने काठीने वाळूत चिनी अक्षरं लिहून चौकशी केली आणि जहाजावरच्या चिनी पंडिताने तशीच वाळूत उत्तरं दिली. त्याच जहाजावरच्या पोर्तुगीजांकडच्या दोन बंदुका बेटाचा कोवळा सरदार तोकिताका याने विकत घेतल्या. ही हकिगत 'तेप्पोकी' या ग्रंथात आहे. तो झेन भिक्षू नान्पो बुन्शीने १६०६ मध्ये, म्हणजे त्रेसष्ट वर्षांनी लिहिला.

त्या बंदुका कुठल्या, यावर अभ्यासकांत जुंपलेली आहे. लिस्बनचे शस्त्रसंग्राहक राइनर डेनहार्ट त्यांचं घराणं गोव्याशी जोडतात. जपानी इतिहासकार उदागावा ताकेहिसा यांचा भर आग्नेय आशियातून बंदुका आणणाऱ्या समुद्री चाच्यांवर आहे. माझं मन अर्थातच गोव्याकडे झुकतं, पण कागद निर्विवाद कौल देत नाही.

बेटाचा लोहार याइता किन्बेई याने तशीच नळी घडवली आणि तो बुडाशी अडला. जपानी बंदुकीत नळी आणि लाकडी दस्ता बांबूच्या खुंट्यांनी जोडतात. त्या हातोडीच्या टिचकीने निघतात. पेच हा प्रकारच तिथे नवा होता. बाहेरचे आटे कानशीने घासून काढता येतात, नळीच्या आतले कसे काढायचे? 'तेप्पोकी' म्हणतो, पुढच्या वर्षी आलेल्या एका परदेशी लोहाराने ती विद्या शिकवली.

याइता घराण्याच्या वंशावळीत मात्र वेगळंच आहे. त्या विद्येपायी किन्बेईने आपली मुलगी वाकासा एका पोर्तुगिजाला दिली. वर्षभराने ती जहाजातून माहेरी आली, तेव्हा घरच्यांनी ती वारल्याची हूल उठवून खोटी अंत्ययात्रा काढली. नवऱ्याने रडारड पाहिली आणि तो एकटाच परत जहाजावर चढला.