कापसाची खोली आणि बाहेर पडायची वाट

दिवाळी सरली की वाशिम जिल्ह्यातल्या अनेक घरांत एक खोली माणसांकडून काढून कापसाला दिली जाते. भाव वाढेल या आशेने मानोरा, कारंजा, मंगरुळपीरकडचा शेतकरी कापूस घरातच धरून ठेवतो, कधी कधी थेट उन्हाळा लागेपर्यंत. ढीग आढ्याला टेकतो, खिडकी त्यात बुडते, मागचं दार अडतं, आणि घरची मंडळी भिंतीपलीकडे झोपतात. आगीबद्दलचे आपले बरेच गैरसमज याच खोलीपाशी जिवावर बेततात, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

“कापूस पेटला तर भडका उडेल, लगेच कळेल.”

वरच्या मोकळ्या थरावर ज्वाळा झपकन धावते, हे खरं. पण दाबून भरलेल्या ढिगात विडीचं थोटूक गेलं किंवा उंदरांनी कुरतडलेल्या वायरीची ठिणगी पडली, तर आग आतल्या आत तासन्‌तास धुमसते. बाहेर ज्वाळा दिसत नाही, धूर मात्र घरभर पसरत राहतो. वरून पाणी मारलं की कापूस विझल्यासारखा वाटतो, पण पाणी गाभ्यापर्यंत पोचतच नाही, आणि रात्रीतून तोच ढीग पुन्हा पेटतो. असा कापूस बाहेर ओढून, फोडून, पसरून भिजवावा लागतो.

14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर असंच घडलं. जहाजात कापसाच्या हजारो गाठी होत्या आणि त्याच कप्प्यात स्फोटकं. धुमसणाऱ्या गाठींवर शेकडो टन पाणी ओतूनही आग विझली नाही, आणि दुपारी चारच्या सुमारास जहाजाच्या ठिकऱ्या उडाल्या. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. दरवर्षी 14 एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ असतो.

कापूस घरात ठेवू नका, असं मी सांगणार नाही. ज्याला गोदाम परवडत नाही, त्याने तो ठेवायचा तरी कुठे? पण त्या खोलीतला दिवा, बोर्ड, मोबाइलचं चार्जिंग बंद करा. ढीग वायरीला भिडू देऊ नका. आणि घरातून बाहेर जाणारं एकही दार कापसाने अडवू नका. थंडीत मुलांना ऊब मिळते म्हणून ढिगावर झोपवतात, तेही थांबवायला हवं.

“झोपेत असलो तरी धुराच्या वासाने जाग येईल.”

सगळ्यात घातक समज हाच. गाढ झोपेत नाकाची जाणीव मंदावते, वासाने जाग येईलच याची काही खात्री नसते. त्यात धुरातला कार्बन मोनॉक्साइड रंग-वास नसलेला. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट चिकटतो आणि झोपलेला माणूस न जागताच बेशुद्ध होतो. घरांच्या आगीत चटक्यांपेक्षा धुराने जास्त माणसं दगावतात.

3 एप्रिल 2024 च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात खालच्या शिवणकामाच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावर झोपलेल्या एकाच कुटुंबातली सात माणसं गुदमरून गेली. त्याआधी 30 ऑगस्ट 2023 रोजी पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत हार्डवेअरच्या दुकानात झोपलेलं चार जणांचं कुटुंब आगीत गेलं. रिसोड असो की वाशिम, बाजारपेठेत खाली दुकान, वर किंवा मागे बिऱ्हाड आणि पुढे शटर अशी घरं गल्लोगल्ली आहेत. तिथे जिना दुकानातूनच जात असेल, तर दुसरी वाट काढल्याशिवाय वर झोपू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बॅटरीवरची गाडी तर त्या एकुलत्या एका दारात रात्रभर चार्जिंगला लावूच नये.

झोपायच्या खोलीबाहेर छताला बॅटरीवर चालणारा धुराचा अलार्म लावता येतो. तो चुलीपासून लांब लावावा, नाही तर रोजच्या फोडणीला वाजेल आणि वैतागून कुणी तरी त्याची बॅटरी काढून ठेवेल.

“आग लागली की पळायचंच आहे, त्यात ठरवायचं काय?”

अंधारात, खोकत, टिनाखाली कोंडलेल्या धुरात दार सापडत नाही. चॅनल गेटला कुलूप असतं आणि किल्ली बाबांच्या शर्टात, शर्ट खुंटीवर, खुंटी धुरात. म्हणून किल्लीची जागा कायमची ठरलेली हवी: दाराजवळ, कमरेच्या उंचीवर, घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असलेली. खिडकीच्या गजांपैकी निदान एका चौकटीला आतून उघडणारी कडी करून घ्या. गावातला वेल्डर ते काम सहज करतो.

मग एका संध्याकाळी सगळ्यांनी बसून वाटण्या करायच्या. आजीला कोण धरणार, तान्ह्याला कोण उचलणार, बाहेर पडल्यावर जमायचं कुठे. पार, हापसा, मारुतीचं देऊळ, काहीही चालेल, पण जागा एकच. तिथे माणसं मोजली की कोण आत राहिलंय ते कळतं आणि उगाच कुणी परत आत शिरत नाही. धूर वर साठतो, जमिनीलगत थोडी बरी हवा असते, म्हणून रांगत निघायचं आणि निघताना मागचं दार ओढून घ्यायचं. बंद दार धुराला बराच वेळ अडवतं. पोरं घाबरली की पलंगाखाली, कोठीमागे लपतात. त्यांना “लपायचं नाही, बाहेर यायचं” हे आधीच शिकवलेलं असावं, आणि एकदा दिवे घालवून ही सगळी वाट चालून पाहावी.

ढोरं सोडायला माणसं पेटत्या गोठ्यात धावतात. त्या मायेला कोण नाव ठेवणार? पण दाव्याला निरगाठ न मारता सुरगाठ मारली, तर एका ओढीत जनावर मोकळं होतं. गंजी आणि कुटार घर-गोठ्याला लागून रचणं मात्र सोडायला हवं.

“गॅसचा वास आला की आधी पंखा लावा.”

हे कधीही करू नका. घरगुती गॅस हवेहून जड असतो, तो जमिनीलगत साचतो, आणि बटण चालू करताना काय किंवा बंद करताना काय, ठिणगी पडतेच. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि 1906 ला फोन लावायचा. हा क्रमांक गॅसगळतीसाठीच आहे.

“पाण्याने कुठलीही आग विझते.”

कढईतलं तेल पेटलं आणि त्यात पाणी टाकलं, तर त्याची क्षणात वाफ होते, ती सुमारे सतराशेपट फुगते आणि जळतं तेल अंगावर उडवते. गॅस बंद करून कढईवर झाकण सरकवा. ती उचलून अंगणात नेऊ नका. विजेच्या आगीत आधी मेन स्विच पाडा. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारे महाभाग घरोघरी असतात, पण तो उडतो तेव्हाच घर वाचवत असतो. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये कूलर अहोरात्र चालतो. त्याचा प्लग हाताला गरम लागला, तर बोर्ड बदलून घ्या, कारण सैल जोडावरची आग एमसीबी दर वेळी ओळखत नाही.

“बंब येईल की!”

बंब नगर परिषदांच्या गावी उभे असतात, वाडी-तांडा कित्येक मैल दूर असतो. तरीही फोन पहिल्या मिनिटालाच करा, 101 किंवा 112. 112 चा फोन जिल्ह्याबाहेरच्या नियंत्रण कक्षात उचलला जातो. तिथे नुसतं “मालेगाव” म्हटलं तर नाशिकचं की वाशिमचं, असा घोळ होऊ शकतो. गाव, तालुका, जिल्हा, ओळखीची खूण आणि जवळची पाण्याची विहीर एवढं सांगा.

“भाजल्यावर टूथपेस्ट किंवा हळद लावावी.”

यातलं काहीही लावू नका, बर्फही नको. कपडे पेटले असतील तर धावू नका, खाली पडून लोळा, किंवा दुसऱ्याने जाड सुती चादर नाही तर घोंगडी गुंडाळावी. भाजलेल्या जागी वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. पाण्याची टंचाई असेल तर तांब्याने संथ धार धरा. बांगड्या, अंगठ्या सूज यायच्या आत काढा. चिकटलेलं कापड ओढू नका, वर स्वच्छ फडकं टाका आणि 108 ला फोन लावा.