भुवया कोरून घेतल्यावर

सोलापुरात मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. परमनंट मेकअपने, म्हणजे त्वचेत रंग भरून, कोरलेल्या भुवयांना नेमके हेच ऊन आणि घाम नडतात. म्हणून लग्नसराईसाठी अशा भुवया कोरायच्या तर दीड महिना आधी कोरा. सुरुवातीचा रंग भडक दिसतो, घाबरू नका. खपल्या साधारण 7 ते 10 दिवसांत गळतात, खरा रंग 4 ते 6 आठवड्यांनी कळतो. खपली नखाने काढलीत, तर खालचा रंगही निघतो. खपल्या गळेपर्यंत वाफ, पोहणे, मेकअप बंद. मलम अगदी पातळ लावा. हळद-तेलाचा लेप मात्र नको, मग सासूबाई काहीही म्हणोत! सूज वाढली, पू झाला किंवा ताप आला, तर पार्लरकडे नव्हे, थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.