पाठाची सुरुवात चित्राने करूया



"पुस्तकं काढा, धडा उघडा" असं म्हणून तास सुरू झाला की वर्गातली काही मुलं तिथेच गप्प होतात. कुणाचं वाचन अजून कच्चं असतं, तर कुणाच्या घरी वेगळी बोली असते. त्यांच्यासमोर पहिलीच गोष्ट येते ती न जमणारी. चित्र पाहायला मात्र अक्षरओळख लागत नाही. म्हणून तासाची पहिली पाच मिनिटं चित्राला द्या.

डी.एड.ला आपण पाठ टाचणात 'प्रस्तावना' आणि 'हेतुकथन' लिहायचो. चित्र हीच प्रस्तावना. फक्त एक पथ्य पाळायचं, ते म्हणजे चित्राने उत्तर सांगायचं नाही, प्रश्न उभा करायचा.

एक उदाहरण पाहू. चौथीला शिवरायांच्या आरमाराचा भाग शिकवायचा आहे. मालवणजवळच्या सिंधुदुर्ग किल्ल्याचा एक मोठा फोटो लावा. नाव झाकून ठेवा. अर्धा मिनिट कुणीच बोलायचं नाही, आपणही नाही. मग क्रमाने तीन प्रश्न विचारा :

१. काय काय दिसतंय?
२. त्यावरून काय वाटतं?
३. तुम्हाला काय विचारावंसं वाटतं?

पहिल्या प्रश्नाला चूक उत्तर नसतं. पाणी, भिंत, होडी असं कुणीही सांगू शकतं, आणि एकदा बोललेलं मूल पुढेही बोलतं. मुलांचे शब्द जसेच्या तसे फळ्यावर लिहा. तिसऱ्या प्रश्नाला "पाण्यात किल्ला कशाला बांधला?", "तिथे प्यायला पाणी कुठून?" असे प्रश्न येतील. हेच आपलं हेतुकथन! आता धडा उघडा. १६६४ साली या किल्ल्याची पायाभरणी का झाली, हे शोधत मुलं वाचतील. समुद्राच्या खाऱ्या पाण्याने वेढलेल्या या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत हे कळल्यावर ती चकित होतील, कारण प्रश्न त्यांचाच होता.

चित्र म्हणजे कागदावरचंच असं नाही. परिसर अभ्यासासाठी स्टीलच्या पेल्यात बर्फ घालून टेबलावर ठेवा. थोड्या वेळाने पेला बाहेरून ओला होतो. "पेला गळत नाही, मग हे पाणी आलं कुठून?" एवढंच विचारा. हवेतल्या बाष्पाकडे मुलं आपोआप वळतील.

काही गोष्टी टाळा. सगळं समजावून सांगणारा व्हिडिओ सुरुवातीलाच लावला की विचार करायला काही उरत नाही. तो शेवटी दाखवा. एका वेळी पाच-सहा चित्रं नकोत, एकच पुरे. मागच्या बाकावरून दिसेल एवढं ते मोठं हवं. प्रोजेक्टर नसेल तर जुनं कॅलेंडर, तक्ता किंवा फळ्यावरची साधी आकृतीही चालते. आणि तास संपताना फळ्यावरच्या प्रश्नांकडे परत या. कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, कोणतं राहिलं, ते मुलांनाच सांगू द्या.

पालकहो, घरीही हे सहज जमतं. अभ्यासाला बसताना धड्यातला मजकूर हाताने झाका आणि चित्रावर दोन मिनिटं गप्पा मारा. तुमच्या घरच्या बोलीत मारल्या तरी चालेल. मूल काय बोलतं ते ऐका, लगेच दुरुस्त करू नका.

उद्याच्या एका पाठासाठी एक चित्र निवडा. एरवी गप्प बसणारं कोणतं मूल बोलतं, तिकडे लक्ष ठेवा.