कार्यक्रम नको, काम द्या

आज वृद्धाश्रमातल्या दिवसाबद्दल बोलू या. बडोद्यातल्या एका वृद्धाश्रमात आजी-आजोबांच्या उपक्रमांची जबाबदारी माझ्याकडे आहे. म्हणजे भजन, हाउझी आणि वाढदिवसाचा केक, असं लोकांना वाटतं. ते आम्हीही करतो. पण त्यात आजी नुसती प्रेक्षक असते. आश्रमात आल्यावर चहा किती वाजता, भाजी कोणती, दिवा कधी मालवायचा, हे सगळं दुसरंच कोणी ठरवतं. माणूस खचतो तो इथे.

१९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या एका नर्सिंग होममध्ये एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, खोली कशी लावायची, सिनेमा कोणत्या दिवशी बघायचा, ते तुमचं तुम्ही ठरवा. शिवाय एकेक रोप दिलं, ते त्यांनीच सांभाळायचं. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण पाणी नर्स घालणार! काही आठवड्यांतच पहिल्या मजल्यावरची मंडळी जास्त उत्साही, जास्त हिंडती-फिरती दिसू लागली. रोप दोन्हीकडे होतं, हे लक्षात घ्या.

म्हणून आमच्याकडे सकाळी दहाला भाजी निवडायला बसतात. “काय करायचंय तुम्हाला?” असं मोघम विचारलं की विस्मरण असलेली व्यक्ती गोंधळते. “मेथी की मटार?” असं दोन्ही समोर ठेवून विचारावं. नातवाचं नाव न आठवणाऱ्या आजींचा अंगठा शेंगेच्या शिरेवर बरोबर जातो. हाताला बसलेली सवय नावांच्या आठवणीपेक्षा बरीच जास्त टिकते. आणि ते मटार खरोखर स्वयंपाकघरात गेले पाहिजेत. उगाच गुंतवून ठेवायला दिलेलं काम त्यांना लगेच कळतं.

टीव्ही मात्र बंद. त्या आवाजात कमी ऐकू येणाऱ्याला शेजारचं बोलणं लागत नाही, मग तो गप्पच बसतो. माझा टीव्हीवर रागच आहे म्हणा ना.

ऊन उतरलं की विस्मरणाच्या रुग्णांची घालमेल वाढते. “मला घरी जायचंय” सुरू होतं. वाद घालू नये. “घरी कोण वाट बघतंय?” असं विचारावं आणि घडी घालायला पंचे हातात द्यावेत.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या लोकांची एक वेगळीच अडचण आहे. चाळीस वर्षं अस्खलित गुजराती बोललेल्या आजी या आजारात पुष्कळदा मराठीवर परत येतात. “पाणी” समजतं, पण “मला परसाकडे जायचंय” हे कर्मचाऱ्यांना कळत नाही. मग आजी चिडतात, आणि नोंदवहीत ‘त्रास देतात’ असं लिहिलं जातं. बंगळूर असो की हैदराबाद, हे होणारच. तेव्हा आईवडिलांना कुठेही ठेवताना नेहमीचे वीसेक मराठी शब्द तिथल्या लिपीत अर्थासह लिहून द्या. चहा कसा लागतो, आयुष्यभर कोणतं काम केलं, तेही लिहा.

काय म्हणून हाक मारायची, हे सगळ्यात वर. आमच्याकडच्या एक निवृत्त शिक्षिका ‘बा’ म्हटलं तर वळूनही बघत नसत. त्यांना ‘बाई’ हवं होतं. आमच्या मुलींना ते घरकामवालीला हाक मारल्यासारखं वाटे, जीभच रेटेना. शाळेत बाई म्हणजे कोण, ते समजावल्यावर हाक मारू लागल्या. आता सकाळच्या मेथीची हजेरी बाईच घेतात.