जुन्या जीपचे टायर : काळी माती, जांभा आणि बाभळीचे काटे

विलीजच्या रचनेवर बेतलेल्या महिंद्राच्या जुन्या जीपचं मूळ टायरमाप ६.००-१६, म्हणजे रुंदी ६ इंच आणि रिम १६ इंच. दिसायला किरकोळ, म्हणून हौशी मालक रुंद टायर चढवतात. मग पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी वळवताना घाम फुटतो, शिवाय व्यास वाढला तर स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो.

वाळवा-मिरजेकडच्या काळ्या रानात पावसाळ्यात खाचा मातीने भरल्या की टायर गुळगुळीत झालाच समजा. तिथे मोकळ्या, खोल खाचांची नक्षी हवी. ती फिरता फिरता चिखल झटकते.

जत-आटपाडीत वैरी बाभळीचा काटा. पंक्चर काढताना टायरच्या आतून चिंधी फिरवावी. ती जिथे अडकेल तिथे काट्याचं टोक असतं. ते राहिलं तर नवी ट्यूबही फुकट.

साताऱ्याच्या पश्चिमेला जांभ्याच्या धारदार कडा टायरची बाजू चिरतात. (कासच्या फुलांच्या सड्यावर मात्र गाडी घालायचीच नाही.) पण पकड वाढावी म्हणून ट्यूबच्या टायरमधली हवा फार उतरवली तर टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो.

जुनी जीप कमी फिरते. नक्षी शाबूत राहते, रबर मात्र कडक होऊन तडकतं. बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचावा : २३१९ म्हणजे टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. फोर-व्हील लावायचं असेल तर चारही टायर एकाच मापाचे, सारखेच झिजलेले हवेत, नाहीतर ताण गिअरपेटीवर येतो.