फिर्यादी कोण, आरोपी कोण? मिसिसिपीपासून खर्ड्यापर्यंत

"तुमचे आता सगळे चांगले झाले आहे. नोकऱ्या आहेत, घरकुले आहेत, सवलती आहेत. आता उलट आम्हीच तुम्हाला भितो. कधी कोण ॲट्रॉसिटी टाकील, नेम नाही." हे बोलणे परंड्याच्या बसस्थानकासमोर चहा पिताना ऐकू येते, तहसीलच्या व्हरांड्यात ऐकू येते, आणि लग्नाच्या पंगतीतही ऐकू येते. बोलणारा माणूस दुष्ट असतो असेही नाही. पुष्कळदा तो आपल्या शेजारच्या रानाचा मालक असतो, अडीनडीला उसने देणारा असतो. म्हणूनच त्याला उत्तर काय द्यावे हे आपल्या पोरांना सुचत नाही. ती एक तर भांडतात, नाही तर मान खाली घालून हसतात.

वाचक बंधू-भगिनींनो, हे वाक्य परंड्यात तयार झालेले नाही. अमेरिकेत गोरा माणूस काळ्या माणसाला हेच गेली दीडशे वर्षे ऐकवत आला आहे. त्या देशाशी आपले नाते जुने आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामी नष्ट करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. पुढे १९४६ च्या जुलैमध्ये त्यांनी काळ्यांचे मोठे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज केला आहे त्याच्या प्रती मिळतील का, भारतातील अस्पृश्यही तसाच विचार करत आहेत, असा त्याचा आशय होता. ड्युबॉइस यांनी त्याच महिन्यात आपुलकीने उत्तर दिले. मुंबईच्या आपल्या तरुणांनी १९७२ साली दलित पँथर काढली, तिचे नावही ओकलंड शहरात १९६६ साली निघालेल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. तेव्हा तिकडचे पाहिले तर इकडचे जास्त कळते.

१९५५ चा ऑगस्ट महिना. शिकागोचा एमेट टिल नावाचा चौदा वर्षांचा काळा मुलगा सुट्टीत मिसिसिपी राज्यातील नातेवाइकांकडे आला होता. दुकानातल्या गोऱ्या बाईशी तो आगाऊपणे बोलला, एवढे निमित्त झाले. २८ ऑगस्टच्या रात्री तिचा नवरा आणि नवऱ्याचा सावत्र भाऊ यांनी त्याला चुलत आजोबाच्या घरातून उचलून नेले. तीन दिवसांनी नदीत प्रेत सापडले, तेव्हा गळ्याला कापसाच्या गिरणीतला जड लोखंडी पंखा बांधलेला होता. आईने शिकागोत पेटी उघडी ठेवून अंत्यविधी केला. माझ्या मुलाचे काय केले ते जगाने पाहावे, असे तिचे म्हणणे होते.

खटल्यात पंच होते बारा, बाराही गोरे पुरुष. साधारण एका तासात त्यांनी दोघांना निर्दोष सोडले. बचाव काय होता, तेही ऐका. हे प्रेत त्या पोराचे नाहीच, काळ्यांच्या संघटनेने आमच्या राज्याला बदनाम करण्यासाठी रचलेला हा बनाव असावा! म्हणजे पोर मेले काळ्यांचे आणि अन्याय झाला गोऱ्यांवर. पुढे जानेवारी १९५६ मध्ये त्याच दोघांनी पैसे घेऊन एका मासिकाला कबुली दिली की होय, आम्हीच मारले. एकदा सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

आता आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या हद्दीला लागून असलेले खर्डा आठवा. शाळेच्या पुस्तकात १७९५ च्या लढाईसाठी हे नाव येते. तिथे २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या सतरा वर्षांच्या शाळकरी मुलाचा खून झाला. गावातल्या सवर्ण मुलीशी त्याचे बोलणे आहे, या संशयावरून त्याला मारहाण झाली व प्रेत झाडाला लटकवले, अशी फिर्याद होती. खटला अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) सत्र न्यायालयात साडेतीन वर्षे रेंगाळला. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि २३ नोव्हेंबर २०१७ रोजी आरोपी निर्दोष सुटले. न्यायालयाने सोडलेल्या माणसांना आपण गुन्हेगार म्हणणार नाही. परंतु नितीन तर मेला ना? मग त्याच्या मजूर बापाची फिर्याद 'खोटी' होती, असे म्हणायची कुणाची छाती आहे?

इथेच खरी मेख आहे. 'ॲट्रॉसिटीच्या इतक्या केसेसमधले लोक सुटतात, म्हणजे केसेस खोट्या' हा हिशेब वर्तमानपत्रातसुद्धा बिनदिक्कत मांडला जातो. मी बी.कॉम. झालेला कारकून माणूस. जमाखर्चात असा ताळेबंद कोणी लावला तर साहेब त्याला घरी पाठवील. आरोपी सुटला म्हणजे पुरावा पुरला नाही, एवढेच सिद्ध होते. पुरावा का पुरला नाही, हा प्रश्न वेगळा आहे. एमेटच्या चुलत आजोबाने, मोझ राइट नावाच्या म्हाताऱ्या कुळाने, भर न्यायालयात उभे राहून गोऱ्या आरोपींकडे बोट दाखवले. तेवढ्या धाडसापायी त्याला मिसिसिपी कायमची सोडावी लागली. आपल्याकडच्या साक्षीदाराला जायला शिकागो नाही. त्याला त्याच गावात दळण आणायचे असते, त्याच रानात खुरपायला जायचे असते, त्याच शाळेत पोरे घालायची असतात. तो फिरला म्हणून त्याला शिव्या देणे सोपे आहे.

आता कोपर्डी. त्याविषयी आपण गप्प राहणे बरे नव्हे. १३ जुलै २०१६ रोजी कर्जत तालुक्यातील कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. मुलगी मराठा समाजाची, आरोपी दलित. गुन्हा अमानुष होता, त्याला जात लावून मवाळ करण्याचे कारण नाही. याच अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने २९ नोव्हेंबर २०१७ रोजी तिन्ही आरोपींना फाशी सुनावली. म्हणजे खर्ड्याच्या निकालानंतर अवघ्या सहा दिवसांनी. एका प्रकरणाला साडेतीन वर्षे, दुसऱ्याला सोळा महिने. कोपर्डीचा निकाल लवकर लागला हे चांगलेच झाले. आमचे दुखणे एवढेच की खर्ड्याच्या वेळी ती घाई कोणाला नव्हती.

कोपर्डीनंतर ऑगस्ट २०१६ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत लाखोंचे मूक मोर्चे निघाले. त्या मोर्चांत शेतीमालाला भाव, आरक्षण, मुलींची सुरक्षितता या मागण्या होत्या. त्या मागण्यांचे दुःख खोटे नव्हते. आत्महत्या करणारा कोरडवाहू मराठा शेतकरी आपण रोज पाहतो. पण त्याच यादीत ॲट्रॉसिटी कायद्यात बदल करा, ही मागणी येऊन बसली. त्या मुलीवरील अत्याचाराचा आणि या कायद्याचा काडीचा संबंध नव्हता. तो कायदा राहिला असता वा गेला असता, तिचा जीव वाचला नसता. तरीही संतापाची वाट तिकडे वळवली गेली. ज्याच्याकडे कारखाने, बँका, शिक्षणसंस्था आहेत त्या आपल्याच पुढाऱ्याला जाब विचारण्यापेक्षा वस्तीकडे बोट दाखवणे सोपे असते. अमेरिकेच्या दक्षिणेत गरीब गोऱ्यांचे राजकारण याच वाटेने गेले.

खोटी केस कधीच होत नाही, असे मी म्हणणार नाही. गावातल्या दोन पाटलांच्या भांडणात आपल्याच एखाद्या माणसाच्या खांद्यावर बंदूक ठेवली जाते, हे आपल्याला माहीत आहे. पुढे पाटील पाटील एक होतात आणि आपला माणूस मध्ये चिरडतो. असल्या केसला बळी पडू नका, असे आपण मंडळींनीच बैठकीत सांगितले पाहिजे. पण एकाच्या खोटेपणाचा शिक्का सगळ्या जमातीवर कसा काय बसतो? १९७६ च्या निवडणूक प्रचारात रोनाल्ड रेगन शिकागोच्या एका बाईची गोष्ट सांगत फिरले. ऐंशी नावे घेऊन ती सरकारी मदत लाटते, वर्षाला दीड लाख डॉलर कमावते, वगैरे. बाई ठग होती हे खरे, तिला शिक्षाही झाली, पण सिद्ध झालेली रक्कम त्या आकड्याच्या मानाने अगदीच थोडी होती. नुकसान झाले ते सरकारी मदतीवर चूल पेटवणाऱ्या लाखो काळ्या आयांचे. त्या सगळ्या लोकांच्या नजरेत ठग ठरल्या. बँका बुडवणाऱ्या सावकारांवरून मात्र कोणी त्यांच्या जातीची परीक्षा केली नाही, ना तिकडे ना इकडे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयातही हेच घडले, आणि प्रकरण महाराष्ट्रातलेच, कराडच्या एका शासकीय महाविद्यालयातले होते. २० मार्च २०१८ रोजी दोन न्यायमूर्तींनी गैरवापराचे कारण देऊन सांगितले की, ॲट्रॉसिटीत अटकेपूर्वी वरिष्ठांची मंजुरी घ्या, आधी प्राथमिक चौकशी होऊ शकते. त्याविरुद्ध २ एप्रिलला भारत बंद झाला, देशात माणसे मेली. ऑगस्ट २०१८ मध्ये संसदेने कलम १८-अ घालून ती अट काढली. पुढे १ ऑक्टोबर २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींनी ते निर्देश मागे घेताना म्हटले की, खोटी फिर्याद हा माणसाचा दोष असतो, जातीचा नव्हे. दहावी नापास झालेल्या आपल्या आयांना हे न शिकता कळत होते.

'आम्हीच पीडित' या तक्रारीचा आणखी एक जुना मासला आहे. कॅलिफोर्नियातील एका वैद्यकीय महाविद्यालयात शंभरातल्या सोळा जागा काळे व इतर मागे राहिलेल्या जमातींसाठी ठेवल्या होत्या. बाकी नावाच्या गोऱ्या उमेदवाराने दावा लावला की, या सोळा जागांमुळे माझ्यावर अन्याय झाला. चौऱ्याऐंशी जागांवर कोण बसले, हा प्रश्न त्याला पडला नाही. २८ जून १९७८ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राखीव जागा रद्द केल्या, वंशाचा थोडाफार विचार करायला मात्र मुभा ठेवली. तीही २९ जून २०२३ च्या निकालाने जवळजवळ गेली.

आता पाहा, बाकीच्या निकालाला महिनाही झाला नव्हता, तोच २७ जुलै १९७८ रोजी आपल्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. मराठवाड्याची अस्मिता धोक्यात आली, असा ओरडा झाला आणि घरे जळाली ती आपली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांना जाळले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. आज त्याच विद्यापीठाचे उपकेंद्र धाराशिवला आहे आणि सगळ्या जातींची पोरे बाबासाहेबांचे नाव छापलेली पदवी फ्रेम करून भिंतीला लावतात. कोणाची अस्मिता कमी झाली, मला अजून समजलेले नाही.

हा वाद आता साता समुद्रापार गेला आहे. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. असे करणारे अमेरिकेतील ते पहिले शहर. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. विरोध कोणी केला? तिथे स्थायिक झालेल्या आपल्याच काही देशबांधवांनी. त्यांचे म्हणणे असे की, जातीचे नाव घेतल्याने आम्हा हिंदूंकडे लोक संशयाने पाहतील, आमची पोरे शाळेत चिडवली जातील. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसाच कायदा संमत केला, पण ७ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यपालांनी आताचे कायदे पुरेसे आहेत म्हणून तो नाकारला. भेदभाव करणे ही बदनामी नाही, भेदभावाची तक्रार करणे ही बदनामी! चावडीवरचा हा न्याय विमानात बसून पार तिकडे पोहोचला.

पण हे वाक्य आपल्या वस्तीतही वापरले जाते, आणि तेव्हा आपल्याला त्याचा राग येत नाही. १९९१ साली क्लॅरेन्स थॉमस या काळ्या न्यायाधीशावर ॲनिटा हिल या काळ्या वकील बाईने लैंगिक त्रासाचा आरोप केला. काळ्यांना जमावाने झाडाला टांगण्याच्या इतिहासाचा शब्द थॉमस यांनी स्वतःच्या बचावासाठी वापरला. बाई बोलली, तर पुरुष म्हणाला, मीच बळी. आपल्याकडे दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याविरुद्ध एखादी बहीण ठाण्यात निघाली, तर विहारात बसलेली मंडळी म्हणतात, "कशाला समाजाची अब्रू चव्हाट्यावर?" मिसिसिपीतले गोरेही आपल्या राज्याच्या अब्रूविषयीच बोलत होते.

तेव्हा शेजाऱ्याने चहाच्या टपरीवर ते वाक्य टाकले, तर भांडू नका, त्याला विचारा : तुला माहीत असलेली खोटी केस कोणती, गाव सांग, साल सांग. बहुतेक वेळा ती कोणीतरी कोणाकडून तरी ऐकलेली निघते. आणि खरी केस असेल तेव्हा ती बळकट करणे आपल्या हातात आहे. फिर्यादीची नक्कल ठाण्यातून फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो. आरोपीच्या जामिनाच्या वेळी पीडिताचे म्हणणे ऐकावे लागते, कलम १५-अ तसे सांगते. उलट बाजूने दरोड्याची क्रॉस केस पडली तर घाबरून तडजोड करू नका, आधी वकील गाठा.

आणि ज्याच्या साक्षीवर सगळे अवलंबून असते त्या साक्षीदाराकडे लक्ष द्या. १९९५ च्या नियमांत अकरावा नियम आहे. तारखेला येणाऱ्या फिर्यादीला आणि साक्षीदाराला येण्याजाण्याचे भाडे, खाण्याचा खर्च आणि किमान वेतनाइतकी बुडालेली मजुरी सरकारने द्यायची असते. मागितल्याशिवाय ती सहसा मिळत नाही. तारीख पडली की तिकीट जपून ठेवायचे, साध्या कागदावर अर्ज लिहून द्यायचा, पोहोच घ्यायची. अर्ज लिहिता येत नसेल तर वस्तीतल्या बारावीच्या पोराकडून लिहून घ्या. त्यालाही तो मसुदा एकदा लिहायला यावा.