जुन्या ट्रॅक्टरचा आरपीएम मीटर बंद पडतो तेव्हा

गेल्या शतकाच्या सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत घेतलेले कित्येक ट्रॅक्टर आजही देशभर शेतांत राबताना दिसतात. त्यांची इंजिने एकदा-दोनदा उघडली गेलेली असतात, टायर बदललेले असतात, रंगही नवा असतो. आरपीएम मीटरचा काटा मात्र वर्षानुवर्षे शून्यावर निपचित पडलेला असतो. इंजिनाचे फेरे कानाला कळतात, असे अनुभवी चालक सांगतात. नांगरटीपुरते ते खरेही आहे. परंतु पी.टी.ओ.वर चालणाऱ्या अवजारांची रचना ठरावीक, बहुधा मिनिटाला 540 फेऱ्यांच्या हिशेबाने केलेली असते, आणि 540 व 620 यांतला फरक कानाला कळत नाही. मळणीयंत्राचा वेग वाढला की दाणा फुटतो आणि पंख्याच्या झोताबरोबर भुशातही जातो. वेग उतरला की काड अडकते. फवारणी पंपाच्या बाबतीत प्रत्येक एकरावर पडणारे औषधच बदलते.

याच मीटरच्या पोटात तासमीटर असतो. तोही थांबतो, आणि इंजिन ऑइल केव्हा बदलायचे याचा हिशेब अंदाजावर जातो. जुन्या यांत्रिक तासमीटरविषयी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: तो घड्याळाचे तास मोजत नाही, फेरे मोजतो. समजा त्याची आखणी 1500 फेऱ्यांवर केलेली आहे. मग 1000 फेऱ्यांवर तीन तास काम झाले तर तो दोनच तास दाखवील, आणि 1800 फेऱ्यांवर पाच तास काम झाले तर सहा. तासावर भाड्याने दिल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरवर यातूनच वाद होतात.

या जुन्या मीटरची रचना साधी आहे. इंजिनाच्या एखाद्या फिरत्या भागापासून लवचीक केबल मीटरपर्यंत येते. बाहेर आवरण, आत पोलादी तारांचा पीळ घातलेली दोरी, तिची टोके बहुधा चौकोनी. मीटरमध्ये ही दोरी एक चुंबक फिरवते, चुंबक त्याभोवतीच्या ॲल्युमिनियमच्या वाटीला ओढतो, आणि केसासारखी बारीक स्प्रिंग त्या ओढीला विरोध करते. काटा वाटीला जोडलेला असतो. तासमीटरचे आकडे मात्र चुंबकावर अवलंबून नसतात. ते थेट दात्यांनी फिरतात.

या फरकातच दोष शोधण्याचा पहिला धागा आहे. काटा बंद असून तासांचे आकडे पुढे सरकत असतील, तर केबल आणि चालन दोन्ही ठीक आहेत. बिघाड मीटरमध्ये आहे. दोन्ही बंद असतील, तर केबलकडे किंवा तिच्या खालच्या टोकाकडे वळावे. काटा थरथरत असेल तर बहुतेक वेळा दोरी कोरडी पडलेली असते किंवा केबलला कोठेतरी तीव्र वळण असते.

त्यानंतर इंजिन बंद करून केबल मीटरच्या मागून सोडवावी आणि इंजिन मंद गतीने चालू करून दोरीचे टोक फिरते का ते पाहावे. पंख्याजवळ हात, उपरणे वा ओढणी जाऊ देऊ नये. टोक फिरत असेल तर मीटर दोषी. फिरत नसेल तर इंजिन थांबवून केबल खालच्या बाजूनेही काढावी आणि आतली दोरी ओढून पाहावी. दोरी तुटलेली असेल तर ती अर्धीच बाहेर येते. अखंड असेल तर तिचे चौकोनी टोक झिजून गोल झाले आहे का, हे बोटाने चाचपावे.

येथे गावोगावचे मिस्त्री एक चूक हमखास करतात. तुटलेली दोरी बदलतात आणि काम संपले असे समजतात. दोन-तीन आठवड्यांत नवी दोरीही तुटते आणि दोष तिच्या दर्जावर ढकलला जातो. वास्तविक दोरी बहुधा आपणहून तुटत नाही. मीटरच्या आतला दांडा जाम झाल्यामुळे ती पिळून तुटते. म्हणून नवी दोरी घालण्यापूर्वी जुन्या दोरीचा वीतभर तुकडा मीटरमध्ये खुपसून दोन बोटांनी फिरवावा. तो सहज फिरला पाहिजे. अडखळत असेल तर आधी मीटर दुरुस्त करावा.

दोरी शाबूत असेल तर प्रश्न चालनाचा राहतो. हे चालन प्रत्येक ट्रॅक्टरमध्ये एकाच ठिकाणी नसते. काहींत ते कॅमशाफ्टपासून, काहींत ऑइल पंपाच्या दांड्यापासून, तर काहींत डायनामोच्या मागच्या टोकापासून घेतलेले असते. डायनामोवरून चालन असेल तर पट्टा सैल होताच काटा कमी फेरे दाखवतो आणि चार्जिंगही उतरते. दोन्ही लक्षणे एकत्र दिसली की मीटर उघडण्याची गरजच नाही. डायनामो काढून अल्टरनेटर बसवलेला असेल, तर केबलला जोडण्यासाठी जागाच उरलेली नसते. जुना ट्रॅक्टर विकत घेणाऱ्याला हा बदल ठाऊक नसतो आणि तो केबल शोधत बसतो.

ऑइल पंपाच्या दांड्यावरून चालन असेल आणि मीटर एकाएकी थांबला असेल, तर सर्वप्रथम ऑइल प्रेशर पाहावे. प्रेशरही उतरले असेल तर इंजिन तत्काळ बंद करावे. त्या स्थितीत मीटर हा गौण प्रश्न आहे. चालनाचे छोटे चाक किंवा पिन तुटली असेल तर तिचे सर्व तुकडे मोजून बाहेर काढल्याशिवाय इंजिन चालू करू नये. दात्यांत अडकलेला एक तुकडा मीटरच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च करवतो. चालनाजवळचे ऑइल सीलही याच वेळी बदलावे, कारण गळके तेल दोरीवरून चढत मीटरपर्यंत जाते आणि काचेआड डाग दिसू लागतात.

नवी दोरी घालताना हलके ग्रीस खालच्या भागाला लावावे. मीटरकडचा वीतभर भाग कोरडाच ठेवावा. केबलचे वळण सहा इंच त्रिज्येपेक्षा तीव्र नसावे आणि ती सायलेन्सरपासून दूर असावी. दोरी गरजेपेक्षा लांब असेल तर नट आवळताना ती दोन्ही टोकांना दाबली जाते आणि मीटरच खराब होतो, म्हणून जुन्या दोरीशी लांबी ताडून पाहावी. नट हाताने घट्ट करणे पुरेसे असते.

एचएमटीसारख्या ज्या कंपन्यांचे ट्रॅक्टर उत्पादन थांबले आहे, त्यांचे अस्सल सुटे भाग मिळणे दुर्घट होत चालले आहे. मीटर मिळेपर्यंत हंगाम थांबत नाही. अशा वेळी पी.टी.ओ.च्या दांड्यावर चमकदार पट्टी चिकटवून, दुरूनच मोजणाऱ्या डिजिटल टॅकोमीटरने फेरे मोजता येतात. समजा पुस्तिकेनुसार इंजिनाच्या 1800 फेऱ्यांना पी.टी.ओ.चे 540 फेरे होतात, मग पी.टी.ओ. 450 दाखवत असेल तर इंजिन 1500 वर आहे. हँड थ्रॉटलच्या पट्टीवर 540 ची जागा रंगाने खुणावून ठेवली की चालकाला अंदाज राहतो. मात्र भार आल्यावर फेरे उतरतात, म्हणून मोजणी अवजार चालू असताना, सुरक्षित अंतरावरून पुन्हा करावी.

तासांसाठी ऑइल प्रेशर स्विचमार्फत चालणारा विजेचा तासमीटर बसवता येतो. तो घड्याळाचे तास मोजतो, त्यामुळे जुन्या मीटरच्या आकड्यांशी त्याचा मेळ बसणार नाही. बसवल्याची तारीख, जुन्या मीटरवरील अखेरचा आकडा आणि शेवटचे ऑइल केव्हा बदलले, या तीन नोंदी त्याच दिवशी वहीत कराव्यात.